न्यूहाउनच्या काठावरची राखण

केळीच्या धंद्यात आयुष्य घालवलेला माणूस एकसारख्या पिवळ्या रंगावर विश्वास ठेवत नाही. घड सगळीकडून सारखाच पिवळा दिसला, की तो रंग झाडाचा नाही, पिकवण्याच्या खोलीतला आहे, हे आम्हाला लांबूनच कळतं. त्यामुळे कोपनहेगनच्या न्यूहाउन (नवं बंदर) भागात शिरलो आणि कालव्याच्या काठानं ओळीत उभी असलेली पिवळी, तांबडी, निळी घरं दिसली, तेव्हा माझी बायको सुमन म्हणाली, ‘‘कितलं देखनं शे!’’ आणि माझ्या मनात आलं, एवढा रंग देऊन यांनी खाली झाकलंय काय?

तसा मी तिथं घरं बघायला गेलोच नव्हतो. आमची मुलगी मनीषा आणि जावई कोपनहेगनला नोकरी करतात. मनीषाची बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि नात रेवा, जी अजून धड बसायलाही शिकली नव्हती, तिला पाळणाघरात घालायचं चाललं होतं. मला ते पटलं नव्हतं. पोरगी दोन-तीन वर्षं आमच्याकडे चोपड्याला राहील, असं मी आपलं ठरवूनच विमानात बसलो होतो. निघण्याआधी ओसरीत सागवानी पाळणासुद्धा टांगून ठेवला होता. मनीषा फोनवर एवढंच म्हणाली होती, ‘‘आबा, आधी इथं येऊन बघा तरी. तुम्ही जायच्या आधी ठरवू.’’ म्हणून मी बघत होतो. दोष शोधायला निघालेल्या माणसाची नजर जशी असते, तशी माझी होती, हे कबूल करायला मला काही वाटत नाही.

दोष सापडतही होते. मेट्रोच्या स्टेशनात तिकीट बघायला ना दार ना माणूस. फुकट्यांनी चढावं म्हणूनच हे केलंय का, असं मी विचारलं, तर जावई म्हणाले, ‘‘आबा, इथं लोक तिकीट काढतातच.’’ जावई आमचे देवपूरचे, धुळ्याच्या नदीपलीकडचे. बोलणं मऊ आणि मोजकं. रेवाला चोपड्याला न्यायच्या विषयावर ते हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. असा गप्प राहणारा माणूस मी व्यापाऱ्यांमध्ये पुष्कळ पाहिलाय. तो शेवटच्या क्षणी भाव पाडतो.

बंदराची माहिती मात्र त्यांनी छान दिली. नाव नवं असलं तरी कालवा तीनशे वर्षांहून जुना. राजानं तो युद्धकैद्यांकडून खणून घेतला, म्हणजे समुद्रातलं जहाज थेट शहराच्या चौकापर्यंत येईल. मग खलाशी आले, दारूचे गुत्ते आले, मारामाऱ्या आल्या. चौकाकडच्या टोकाला एक भला मोठा लोखंडी नांगर ठेवलाय, समुद्रावर मेलेल्या खलाशांच्या आठवणीसाठी. काठाला जुनी लाकडी गलबतं बांधलेली, डोलकाठ्या वाऱ्यानं करकरत होत्या.

‘‘म्हणजे बदनाम वस्ती,’’ मी म्हणालो.

‘‘होती एके काळी. आता लोक जेवायला येतात,’’ जावई म्हणाले.

आम्हीही जेवलो. बाहेरच्या खुर्च्यांवर लोकरीची पांघरुणं टाकलेली होती, ज्याला थंडी वाजेल त्यानं घ्यावीत. ती संध्याकाळपर्यंत जागेवर राहतात यावर माझा विश्वास बसला नाही. जावयांनी सिल्ड (गोडसर आंबवणीतला मासा) मागवला. माशात साखर! आमच्यापुढे रुगब्रोड (राईचा काळा पाव) आला, वर बटाट्याच्या गार चकत्या. सुमननं पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढून त्यावर पसरली, तेव्हा कुठे घास घशाखाली उतरला.

जेवण झाल्यावर मनीषा आणि जावई कालव्यातल्या होडीच्या रांगेत उभे राहिले. सुमन रेवाला मांडीवर घेऊन बाकावर बसली. मी पाय मोकळे करत चाललो आणि एका कॉफीच्या दुकानाबाहेर थबकलो.

भिंतीला लागून बाळाची गाडी उभी होती. आत बाळ झोपलेलं, गाल वाऱ्यानं लाल झालेले. आजूबाजूला कोणीही नाही. माणसं येत होती, जात होती, एकजण तर सायकल टेकवून निघून गेला, पण गाडीकडे कोणी ढुंकून बघेना. मी वाट पाहिली. कोणी आलं नाही.  पोर टाकून गेलं की काय कोणी? आणि टाकलं नसेल, तर उचलून न्यायला कितीसा वेळ लागतो?

मी गाडीशेजारी जाऊन उभाच राहिलो. येणाऱ्याजाणाऱ्याला निरखून बघायला लागलो. एक दाढीवाला जवळून गेला, त्याच्याकडे असं पाहिलं की तो रस्त्याच्या पलीकडे गेला. तेवढ्यात बाळ चुळबुळलं, ओठ काढून कुरकुरलं. माझा हात आपोआप दांड्यावर गेला आणि मी गाडी हलवायला लागलो.

दुकानाचं दार उघडलं आणि एक उंच बाई धावत बाहेर आली. तिनं माझ्या आणि गाडीच्या मध्ये स्वतःला घातलं, दांडा घट्ट धरला आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी लगेच ओळखली. तो दाढीवाला जाताना माझ्या डोळ्यांत तीच असणार.

‘‘नो मदर,’’ मी म्हणालो. ‘‘आय वॉच.’’

चार माणसं जमली. मी हात जोडले, तर ती आणखी मागे सरकली. शेवटी मनीषा रांग सोडून पळत आली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. बाईचा चेहरा हळूहळू सैल झाला. तिनं खिडकीकडे बोट दाखवलं. काचेमागे तिचं टेबल, कपातून वाफ निघत होती.

‘‘ती म्हणते, मी सगळा वेळ बघत होते,’’ मनीषानं सांगितलं. ‘‘तुम्ही आलात तेव्हापासून तुमच्याकडेच. हात लावलात म्हणून उठली.’’

मी बाकाकडे परतलो तो तापलेलाच. पण अपमान झाला तरी आतून मला बरं वाटत होतं, कारण हवा तो पुरावा हातात आला होता. ‘‘ठरलं,’’ मी सांगून टाकलं. ‘‘रेवा आमच्यासोबत येते. असल्या मुलखात पोर ठेवायचं नाही.’’

रांग सोडून आलेले जावई पाण्याकडे बघत राहिले. मनीषा म्हणाली, ‘‘आबा, तुम्हाला नंतर कळण्यापेक्षा आताच सांगते. रेवाच्या पाळणाघरातही मुलं दुपारी बाहेरच झोपतात. हिवाळ्यातसुद्धा, गुंडाळून.’’

‘‘बघ,’’ मी सुमनला म्हणालो. ‘‘ऐकलंस?’’

सुमननं रेवाची टोपी नीट केली. ‘‘आयकं ना. मनीषा ल्हानी व्हती तवय कोठे जपे (झोपायची)? वरला वावरमा बाभूयले झोयी बांधूत ना आपन. मी कापूस येचू, तुमी केयीमा. कोन बसे तिनापाशी?’’

‘‘ते वेगळं.’’

‘‘काय येगयं शे त्यामा? कोनीच बसे नही. पन येचनाऱ्या बठ्ठ्या (सगळ्या) बायासना डोया तिकडेच ऱ्हायेत.’’

 ती झोळी बाभळीला मीच बांधायचो, दोन गाठी मारून, ओढून बघून. मग केळीच्या कापणीवर निघून जायचो आणि संध्याकाळपर्यंत तिकडे फिरकायचो नाही. पोर कोण सांभाळतंय हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता.

मनीषा चिडली किंवा तिचं मन भरून आलं, की अहिराणीवर येते. ती हळूच म्हणाली, ‘‘आबा, तवय माले मामाकडे काबर (का) नही धाडं? मामी तं मांगे ना माले.’’

खरं होतं. तिची मामी दर उन्हाळ्यात म्हणायची, दोन वर्षं पोरगी आमच्याकडे राहू द्या.

‘‘तुनाबिगर माले करमतं का, माय,’’ मी म्हणालो.

बोलून गेलो आणि मग माझं मलाच ऐकू आलं.  मनीषानं रेवाला सुमनच्या मांडीवरून उचलून घेतलं आणि छातीशी धरलं. जावयांनी चष्मा काढून पुसला. तो गप्प माणूस भाव पाडायला थांबला नव्हता, त्याला रडू येत होतं, एवढं मला तेव्हा कळलं.

होडीची फेरी आम्ही केली. रंगीत घरं पाण्यातून पुन्हा बघितली. संध्याकाळी परत येताना खुर्च्यांवरची पांघरुणं जागेवर होती. मोजली नव्हती म्हणून खात्री देत नाही.

दसऱ्याच्या सुमारास आम्ही दोघंच चोपड्याला परतलो. ओसरीतला पाळणा रिकामाच हलत होता. सुमन म्हणाली, काढून ठेवू. मी म्हणालो, राहू दे, उन्हाळ्यात येतील ती. मग अंगणात जाऊन उगाच नळ उघडला आणि बराच वेळ तोंड धुतलं. फार वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी वरच्या वावरात गेलो. कापसाची पहिली वेचणी चालली होती. बांधावरच्या बाभळीला कोणाची तरी झोळी बांधलेली, आत इवली मूठ हलत होती. जवळपास कोणी नव्हतं. मी चार पावलं पुढे गेलो आणि थांबलो. हात पाठीमागे बांधले.

लांब कपाशीत एका बाईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी झोळीपासून बाजूला झालो, मग ती पुन्हा खाली वाकली.