सखूची डावी बाही

दवाखान्यात औषध संपतं, कापूस संपतो, किस्से मात्र संपत न्हाईत. एक सांगायला बसावं तर चार पुढं पुढं करतात. निजामाच्या अमलात मी धारूरच्या घाटाखाली एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर व्हतो. डॉक्टरसाहेब हैदराबादचे. लेकरांच्या चोंदलेल्या नाकावर त्यांचे दोनच हुकूम: वाफारा घ्या, आन् कोमट मिठाच्या पाण्यानं नाक धुवा. हुकूम साधे, पण आमचं गाव कुठं साधं!

•

एका सोमवारी गावातला भुजंगा त्याच्या लेकीला, सखूला घेऊन आला. पोर सहा वर्षांची. तीन महिने नाक वाहतंय, कपाळ दुखतंय, आन् वास असा की पोरं तिला खेळात घेईनात. साहेब नाकात बघायला वाकले, तर पोरीनं त्यांच्या बोटाला कडकडून चावा घेतला!

"आईतवारपर्यंत नाक सुकलं तर ठीक," भुजंगा म्हणाला. "न्हाई तर विळा तापवून कपाळाला डाग देणार. माझ्या बापानं मला दिलता, हा बघा वण!"

"मग तुझं नाक थांबलं का बे?" मी विचारलं.

"थांबलं कशाचं! पण मी पुन्हा कधी बापाला सांगितलं न्हाई."

मला हसू आलं, पण सखू बापाच्या धोतरामागं थरथरत व्हती. ते बघून लई वाईट वाटलं. साहेबांनी वाफारा आन् मिठाचं पाणी सांगून तिला घरी धाडलं.

•

मंगळवारी एक शेतकरी आला. पोराला घरी नेऊन वाफारा दे म्हणून त्याला आदल्या दिवशी बजावलं व्हतं.

"दिला का?" मी विचारलं.

"पोरगं घोंगडीत शिरंना वो, म्हणून त्याच्या वाटचा मीच घेतला."

"आन् पोराला फरक?"

"त्याला न्हाई. माझं डोकं मात्र लई हलकं झालं!"

•

बुधवारी एकादशी. एक बाई विचारायला आली, "पोराचा उपास हाय. नाक धुवायच्या पाण्यात साधं मीठ न्हाई घातलं, शेंदेलोण घातलं. चालंल ना?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "नाक का बी उपास रखे क्या, अम्मा?"

"तोंडाच्या शेजारीच हाय की वो ते!"

•

एका पोराला साहेबांनी स्वतःचा रुमाल दिला. एक नाकपुडी दाबून दुसरी हळूच कशी शिंकरायची, तेही करून दाखवलं. गुरुवारी पोरगं आलं तर नाकाच्या दोन्ही धारा ओठापर्यंत! रुमाल खिशात, घडी करून.

"कावून पुसलं न्हाई रे?" मी विचारलं.

"साहेबाचा रुमाल हाय, घाण व्हईल ना!"

•

शनिवारी भुजंगा परत आला. संगं सखू आन् तिची आई पार्वती. वाफारे झाले, पाणी झालं, नाक तसंच. उद्या आईतवार! पार्वतीच्या डोळ्याला धार लागलेली. म्हणाली, "माझा भाऊ इथं असता तर त्यानं डाग देऊ दिला नसता."

"त्या चोराचं नाव काढू नको!" भुजंगा खेकसला. मला म्हणाला, "तीन महिन्यांमागं हिचा भाऊ मुक्कामाला आलता. तो गेला आन् फळीवर काढून ठेवलेली हिच्या नाकातली सोन्याची चमकी गेली. तवापासून त्याला आमचं दार बंद, आन् हिला माहेर बंद."

मी सखूकडं बघत व्हतो. पोरीच्या झंपरची डावी बाही शेंबडानं कडक झालती, उजवी मात्र कोरी. म्हणजे वाहतंय ते एकाच बाजूनं! मी साहेबांच्या कानी घातलं. साहेब ताडकन उठले. भुजंगाच्या डबीतली चिमूटभर तपकीर त्यांनी सखूला हुंगवली, आन् लगेच तिची उजवी नाकपुडी दाबून धरली.

पोर शिंकली. दवाखाना हादरला! हात धुवायच्या चिलमचीत टण्णकन काहीतरी पडलं. मी पाणी ओतून धुतलं, तर सोन्याची चमकी!

सखू रडायला लागली. "आईवानी घालून बघितली... आत गेली... बा लई वरडत व्हता, म्हणून सांगितलं न्हाई."

भुजंगा खाली बघून तपकिरीची डबी नुसती उघडत व्हता आन् मिटत व्हता. पार्वतीनं चमकी उचलली, पदराला पुसली, नाकात घातली. लेकीला कडेवर घेतलं आन् दारात जाऊन वळली.

"उद्या विळा तापवाच," ती नवऱ्याला म्हणाली. "माझ्या भावाला सांगावा धाडते. डाग कुणाला द्यायचा, ते तो ठरवील."