साडेसहा फुटी गादी

आज दुपारी ट्रान्सपोर्टने आली: फोमची गादी एक. भाडं बावीस रुपये, हमाली चार. पाठवली मुंबईच्या भाऊजींनी, सासूबाईंसाठी.

मैत्रिणींनो, हेच पत्र तुम्हा चौघींना लिहिते आहे, कारण डोकं फिरलंय. सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं होतं. सोमवारी त्या दवाखान्यातून घरी येतील. जमिनीवर झोपायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून सातपूरहून सहा बाय तीनची लोखंडी कॉट करून आणली. गादी निघाली साडेसहा बाय साडेतीन. कडेला बसून पाहिलं, तर मी गादीसकट खाली घसरले.

शेजारून भाऊजींना ट्रंक कॉल लावला. म्हणाले, "वहिनी, परदेशात हेच माप चालतं. कॉट मोठी करून घ्या."

मोठी कॉट आमच्या खोलीत एकाच तऱ्हेने बसते, आणि मग पाय थेट देव्हाऱ्याकडे होतात; उशी फिरवावी तर डोकं उत्तरेला. संध्याकाळी दवाखान्यात हे सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "परदेशातल्यांनी झोपावं तिच्यावर. मी सगळी पावणेपाच फूट. देवाकडे पाय करण्यापेक्षा मी आपली खाली सतरंजीवर." आणि त्या तसंच करतील, मी ओळखते त्यांना.

पूर्वी पिंजारी यायचा, आधी खाट मोजायचा, मग कापूस भरायचा. आता गादी आधी येते आणि घराने तिच्या मापाचं व्हायचं.

फोम सरळ कापून कडा शिवून देणारा कोणी माहीत असेल तर उलट टपाली कळवा. रविवारपर्यंत कोणाचंच पत्र आलं नाही, तर मीच विळी घेऊन बसणार आहे.