दुसरा कंट्रोलर

अण्णा, माझा थोरला भाऊ, अमेरिकेहून आला की त्याला चार दिवस आपलं लहानपण हवं असतं. या खेपेला डांगर पच्चडी खाऊन झाली, देवळाला जाऊन झालं, आणि रविवारी दुपारी त्यानं माळ्यावरून व्हिडिओ गेमचा जुना डबा खाली काढला. दोन अवाढव्य यंत्रमानव बंद रिंगणात एकमेकांवर क्षेपणास्त्रं सोडतात आणि मिनिटभरात एक पडतो, एवढाच तो खेळ. लहानपणी पडणारा नेहमी माझा असे.

"चुम्मा दोन डाव खेळू, ये," अण्णा म्हणाला. चुम्मा म्हणजे आमच्या तमिळ वळणाच्या बोलीत सहजच. सहज म्हणायला त्याचं काय जातं?

या खेळात जागेवर उभा राहिला तो मेला. सतत बाजूला सूर मारायचा असतो आणि त्यासाठी अंगठ्याखाली एक बटण असतं. मी ते दहादा दाबलं तर माझा यंत्रमानव एकदा हले. बाकी वेळ ठोंब्यासारखा उभा राहून मार खाई. "नीट दाब गे," अण्णा म्हणे. डब्याबरोबर दोन कंट्रोलर आले होते. पहिला थोरल्याचा, म्हणून तो तेव्हा अण्णाच्या कपाटात कुलपात असे. दुसरा माझा. अण्णा क्रिकेटला गेला की मी तो लावून एकटी सराव करी. अंगठ्याला घट्टा पडला, पण जमलं नाही ते नाहीच. बटण बिघडलं असेल असं कधी मनात आलं नाही. बिघाड माझ्यातच आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

अप्पा, म्हणजे आमचे वडील, आरामखुर्चीत पेपर वाचता वाचता हे सगळं पाहत. बारावीनंतर मी इंजिनिअरिंगचं नाव काढलं. गणितात मला अण्णापेक्षा जास्त मार्क होते. अप्पा म्हणाले, "तुज एक बटण वेळेवर दाबवत नाही. मशीनपुढं काय उभी राहशील? टीचर हो."

अण्णा तिथंच मूग गिळून बसला होता. मला रडू आलं, पण अप्पांचं चुकलं असं काही वाटलं नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते. त्यानंतर जवळच्या पापनाशमच्या शाळेत मी मुलांना गणित शिकवत आले. मोपेड शिकले नाही, बसनं जाते. वर्गात प्रोजेक्टर लावायचा असला तर शिपायाला हाक मारते.

तर त्या रविवारी दोन्ही कंट्रोलर डब्याबरोबरच खाली आले, आणि अण्णा वायरी जोडत असताना मी पहिला उचलला. मुद्दाम नाही, हाताशी होता म्हणून. खेळ सुरू झाला आणि माझा यंत्रमानव पळायला लागला. अंगठा टेकवला की सूर, टेकवला की सूर. मी बघतच राहिले. अण्णाच्या हाती दुसरा कंट्रोलर आला होता; त्याचा यंत्रमानव मात्र जागचा हलेना.

"हे बटण लागेना," तो पहिल्याच मिनिटात म्हणाला.

"नीट दाब."

"दाबतोच आहे गे. खराबच आहे हे, पहिलेपासून."

"पहिलेपासून म्हणजे?"

"आणला त्याच दिवशी माझ्या हातून जिन्यावरून पडला की. अप्पा मारतील म्हणून सांगितलं नाही." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "तुज कळालं नव्हतं कां?"

मला त्याच्या अंगावर तो डबा फेकावासा वाटला. "मी इंजिनिअरिंग म्हटलं आणि अप्पा तसं बोलले, तेव्हा तरी सांगायचंस."

"अगे, खेळावरून कोण असलं काही ठरवतं?"

"अप्पांनी ठरवलं."

तो हात पुढे करून म्हणाला, "दे तो इकडे, बदलून खेळू."

"त्याच्यावरच खेळ. मी सहा वर्षं खेळले."

दुसरा डाव त्यानं अर्धाही खेळला नाही. कंट्रोलर जमिनीवर ठेवला, पाय लांब केले आणि विचारलं, "कॉफी घालतेस कां?"

पडद्यावर त्याचा यंत्रमानव नुसता उभा होता. मी तो पाडला. कॉफी काही केली नाही.