साडेसहाची गाडी आणि काढून टाकलेली किल्ली

नातवंडांनो, एसटीच्या वेळांचं इंटरनेटवरचं आपलं पान तुमच्यातल्या थोरलीने सुरू करून दिलं, पण सांभाळते मी. मुरबाडला रेल्वे नाही. सिद्धगडाच्या पायथ्याच्या आपल्या वाड्यांतल्या मुली ते पान पाहूनच कॉलेजला निघतात. म्हणून डेपोने सातची गाडी साडेसहाला केली, तेव्हा मी लगेच दुरुस्ती करून पाठवायला बसले. पानाच्या फाइली जिथे राहतात त्या रिपॉझिटरीने उत्तर दिलं, परवानगी नाही. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी शेजारीण अंगणात उभी.

"मावशी, तुमचं पान बघून पोर सातला गेली. गाडी कवाच गेली! जीपवाला भरल्याबिगर हलंना. अर्धा पेपर गेला तिचा. परवा दुसरा हाय. तुमचं पान बघायचं का नाय, तेवढं सांगा."

मी तशीच आत वळले.

थोरलीला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "अगं आजी, तुझी एसएसएच किल्ली मीच खात्यातून काढली. काकाने ती फॅमिली ग्रुपवर टाकली होती ना!"

ही किल्ली म्हणजे पान बदलायला आत सोडणारी फाइल. तुमचा काका, म्हणजे माझा पुतण्या, समोरच चहा पीत होता. माझा नवा लॅपटॉप लावून देताना त्याने किल्लीची गुप्त फाइल हरवू नये म्हणून सगळ्यांना पाठवली होती.

"काकू, घराची किल्ली नाय का आपण शेजारी ठेवत?"

"शेजारी दूध उतू गेलं का बघायला येतात. इथे कोण काय बघायला येईल?"

तो कप घेऊन ओटीवर गेला. आणि थोरले, तुलाही सांगते. किल्ली काढलीस ते योग्यच केलंस. पण दाराबाहेर मी उभी आहे, हे मला कळवायचं कोणी? "विसरले गं" म्हणालीस. त्या मुलीचा अर्धा पेपर तुझ्या विसरण्यात गेला.

"स्क्रीन शेअर कर, मी करते," म्हणालीस. मी नको म्हटलं. इंग्रजी मला वाचता येतं.

किल्लीच्या दोन फाइलींची नवी जोडी बनवली. गुप्त फाइल लॅपटॉपवरच ठेवली आणि दुसरी, जी उघड दिली तरी चालते, ती खात्यात चिकटवली. तरी नकार! मग जोडणी करताना काय काय घडतं ते सगळं पडद्यावर लिहून दाखवायला संगणकाला सांगितलं आणि ओळीमागून ओळ वाचली. तो अजून जुनीच किल्ली पुढे करत होता. सेटिंगच्या फाइलमध्ये पुतण्याने तिचंच नाव लिहून ठेवलं होतं. ते बदललं, आणि दुरुस्ती पानावर लागली.

पेपरच्या दिवशी संध्याकाळी शेजारीण कुंपणापाशी आली.

"टाइम बराबर होता मावशी. गाडीच लेट आली!"

"आणि पेपर?"

"पुरा लिवला."

ती हसली. मला अजून हसू येत नाही. खात्याचा पासवर्ड मी बदलला आहे. कोणाला आत काही करायचं असेल, तर आधी मला फोन करायचा.