नबीलाल लोहाराचा हात

शलमोन उजागरे मूळचे मिरजगावचे. मिशनच्या शाळेत असताना त्यांना बास्केटबॉलचं वेड लागलं, ते काही सुटलं नाही. १९४७ साली नगरच्या एका नव्या कॉलेजनं त्यांना खेळाचे मास्तर म्हणून नेमलं आणि जिमखान्याचा कारभारही त्यांच्याच गळ्यात घातला. मैदान आखायचं, सामने ठरवायचे, पाहुण्या संघाच्या जेवणाची सोय बघायची, सगळं एकट्यानं. नोकरी मात्र कच्ची.

खांब उभे राहिले, पण चेंडू टाकायची लोखंडी कडी नगरात कोण विकणार? मास्तरांनी नबीलाल लोहाराला एक हात रुंदीची दोन कडी करायला सांगितली. नियमाप्रमाणे कडं अठरा इंच रुंद हवं, आणि हात म्हणजे अठरा इंच, हे मास्तरांचं पुस्तकातलं ज्ञान. नबीलालनं बापजाद्यांच्या रीतीनं स्वतःचाच हात कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत लावला आणि कडी वळली. आता नबीलाल होता बुटका, त्याला तो तरी काय करणार!

त्या कड्यांवर पोरांनी वर्षभर घाम गाळला. १९४८च्या डिसेंबरात पुण्याचा तगडा संघ फिरत्या ढालीच्या सामन्यासाठी नगरला आला आणि सपाटून हरला. त्यांचे चेंडू कड्यावर आपटून बाहेर, नगरच्या पोरांचे अलगद आत. प्रिन्सिपॉलसाहेब खूश झाले. जूनपासून नोकरी पक्की आणि राहायला क्वार्टर, असं त्यांनी सांगून टाकलं. मास्तरांच्या बायकोनं, हन्नाबाईंनी, चूल कुठं मांडायची तेही ठरवलं.

फेब्रुवारीत मास्तर पुढचे सामने ठरवायला पुण्याला गेले. तिथल्या कड्याखाली उभे राहिले, तर ते आपल्याकडच्यापेक्षा चांगलंच रुंद दिसलं. नगरला परतल्याबरोबर त्यांनी शिडी लावून आपलं कडं मोजलं. जेमतेम सोळा इंच.

हन्नाबाईंचं म्हणणं सरळ होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणी विचारायला आलंय का?

"पुण्याच्या पोरांचे चेंडू कड्यावरून उडत होते ना, तेव्हाच मला शंका आली होती," मास्तर म्हणाले. "टेप कपाटातच होती, हन्ना. मी काढली नाही."

त्याच दिवशी त्यांनी पुण्याला सगळं लिहून कळवलं. मार्चमध्ये नव्या कड्यांवर सामना पुन्हा झाला, नगर दोन गुणांनी हरलं आणि ढाल गेली. नोकरी पक्की व्हायची ती वर्षभर लांबली. हन्नाबाईंनी चार दिवस ताट वाढलं की पाठ फिरवली. मास्तरांना ते फार लागलं.

नबीलाल आला तो मान खाली घालून. जुनी कडी वितळवून टाकतो म्हणाला.

"मास्तर, माजा हात आखूड हाय, ह्ये तुमी बगितलं न्हाई आन मी सांगितलं न्हाई."

मास्तरांनी कडी वितळवू दिली नाहीत. ती सरावाच्या खांबांवर परत ठोकून घेतली आणि पोरांना रोज त्यांच्यावरच राबवलं.

डिसेंबरात त्याच पोरांनी पुण्यात जाऊन ढाल परत आणली. सामन्याआधी मास्तरांनी तिथल्या शिपायाकडून शिडी मागून घेतली होती. लोक हसले. मास्तरांनी खिशातून टेप काढली, दोन्ही कडी मोजली, अठरा भरल्यावरच पोरांना मैदानात सोडलं.