आक्काचं माप

ज्ञानू कासार गारगोटीच्या बाजारात बांगड्या भरायचा. बोलणं बेताचंच, पण बाईचा हात हातात घेतला, की न बघता माप सांगायचा. थोरल्या बहिणीचं, आक्काचं माप सव्वादोन. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. दर संक्रांतीला तो वारणानगरला जाऊन स्वतः तिचा चुडा भरायचा. तीस वर्षांत ते माप बदललं नव्हतं.

मग एका संक्रांतीला सव्वादोनची बांगडी मुठीवर अडली. त्यानं थोडी मोठी, सव्वादोन आणि अडीचच्या मधली दोन-सहाची काढली. पुढच्या संक्रांतीला तीही चढेना. अडीचची काढावी लागली.

"आक्का, दाजींनी दूध-तूप लई घातलेलं दिसतंय."

"गप रं. चार पावलं चालून दम लागतोय, आन् तुला थट्टा सुचतीया."

तिचा आवाज घोगरा झाला होता, शब्द सावकाश येत होते. उन्हात बसूनही अंगात स्वेटर. हात गार, कातडी खरखरीत. साबण लावून मूठ दाबताना ज्ञानूचा अंगठा तिच्या मनगटावर होता. नाडी इतकी सावकाश लागत होती, की दोन ठोक्यांच्या मधे तो चपापला. बोलावं का? पण आपण कासार, आपल्याला नाडीतलं काय कळतंय! त्यानं बांगडी सरकवली.

दीड महिन्यानं भाचीचा, अनुजाचा फोन आला. "मामा, आईला कोल्हापूरला दवाखान्यात आणलंय. आडवी झाली की जीव घाबरा होतोय."

डॉक्टरीणबाईंनी आक्काच्या नडगीवर बोट दाबलं. साध्या सुजेला पडतो तसा खड्डा पडला नाही.

"ही सूज कधीपासून?"

"वयानं आलीया," दाजी म्हणाले. अनुजालाही सांगता येईना.

दारातून ज्ञानू पुटपुटला, "गेल्या सालच्या संक्रांतीपासनं. बांगडीचं माप आदी सव्वादोन, मग दोन-सहा, आता अडीच."

बाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं आणि लिहून घेतलं. "थायरॉईडची गोळी चालू होती?"

"हुती की," दाजी म्हणाले. "बरं वाटाय लागल्यावर तिनंच बंद केली. म्हनली, जलमभर कशाला खायाची."

"ती जन्मभरच घ्यायची असते. गोळीवाचून हृदय मंद पडलंय, त्याच्याभोवती पाणी साठलंय. वर्षभर आधी आणलं असतं, तर बहुतेक गोळीवरच भागलं असतं."

ज्ञानूनं नाडी जाणवलेला तो हात बांगड्यांच्या पिशवीत घातला आणि तिथंच ठेवला.

पाणी काढलं, औषधं चालू झाली. चौथ्या दिवशी दुपारी आक्का गेली.

सवाष्ण गेली, म्हणून हिरवा चुडा भरायचा होता. बायकांनी ज्ञानूकडं पाहिलं. त्यानं अडीचचा काढला. भरताना अंगठा तिच्या मनगटावर टेकणार नाही, एवढं तो जपत राहिला.

आता बाजारात कुणाचं माप वाढलं, की तो हात सोडत नाही. "थंडी लई वाजती? दम लागतोय? थायरॉईड तपासून घ्या."

"अवो ज्ञानूमामा, बांगड्या भरा की! डाक्टर कवा झालासा?" बाया हसतात.

तो हसत नाही. मनगटावर अंगठा ठेवून पुढच्या ठोक्याची वाट बघतो.