पेट्रोलच्या टाकीतला फेस

पोलिसातल्या नोकरीतल्या कितीतरी केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. मध्य प्रदेशातल्या सौंसरजवळच्या एका पेट्रोलपंपाची केस मात्र जशीच्या तशी लक्षात आहे. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. यात नावं सांगणार नाही. तिकडच्या लोकांना ती सांगायची गरजही नाही.

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, म्हणजे उसापासून किंवा धान्यापासून केलेलं अल्कोहोल, मिसळून मिळू लागलं होतं आणि चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. कुणाची गाडी ॲव्हरेज देत नव्हती, कुणाच्या रबरी नळ्या खराब झाल्या होत्या. त्यातलं खरं किती आणि ऐकीव किती, हे ठरवणं माझं काम नव्हतं. पण लोक घाबरले की त्या भीतीवर कमावणारा कुणीतरी जवळपास असतो, एवढं नोकरीनं शिकवलं होतं.

दुपारी एका पानठेलेवाल्याचा फोन आला. पंपावर लोक जमून राहिले, हातात दगड आहेत, लवकर या, म्हणाला. आमच्या ठाण्यात रोजच्या नोंदींचा रोजनामचा हिंदीत लिहिला जातो आणि भांडणं मराठीत होतात. मुन्शीला नोंद घ्यायला सांगून मी दोन शिपाई घेऊन निघालो.

पंपावर बंद पडलेल्या मोटारसायकली ढकलत आणलेल्या होत्या. पुढे रामाकोना गावचा एक चालक उभा होता. तो प्रवासी व्हॅन चालवायचा, आणि याच पंपाचं पेट्रोल भरलेली ती व्हॅनही दोरीनं ओढून आणलेली होती. त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सकाळी कळा सुरू झाल्या, अवघड आहे म्हणून तिला नागपूरला घेऊन निघाला, आणि व्हॅन रस्त्यातच बंद पडली. संत्र्याच्या एका ट्रकवाल्यानं तिला आणि तिच्या आईला सौंसरच्या दवाखान्यात पोचवलं. तिथे ती सुखरूप बाळंत झाली. पण त्या माणसानं रस्त्यावर जी घालमेल सोसली होती, ती त्याच्या आवाजात होती. पंपाच्या मालकीणबाईंना तो सर्वांसमोर चोर म्हणत होता.

मालकीणबाई पन्नाशीच्या. सासऱ्यांनी सुरू केलेला पंप त्या स्वतः चालवायच्या. मी गर्दी हटवू लागलो, तर त्यांनीच मला थांबवलं. विक्री त्यांनी आधीच बंद केली होती.

"साहेब, यांना पाठवू नका," त्या म्हणाल्या. "पाहून जाऊ द्या. खोट माझ्या टाकीत निघाली, तर कुलूप मीच लावते."

मग त्यांनी काचेच्या उंच मापात पेट्रोल घेतलं, त्यात पाणी ओतलं, हलवलं आणि ठेवून दिलं. खाली पाण्याचा थर बसला, तो ओतलेल्या पाण्यापेक्षा जास्त दिसत होता. गर्दी खवळली. पाहा, पेट्रोलातून पाणी निघालं, असा गलका झाला. एक दगड येऊन आदळला आणि काउंटरची काच फुटली. बाई जागच्या हलल्या नाहीत. पेट्रोलमधलं अल्कोहोल पाण्याकडे ओढलं जातं आणि त्यात उतरतं, म्हणून खालचा थर वाढतो, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. पटलं नाही कुणाला. तेव्हा त्यांनी लांब रॉडच्या टोकाला पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट लावली आणि रॉड जमिनीखालच्या टाकीत तळापर्यंत सोडायला त्या चालकालाच सांगितलं. त्यानं तो वर काढला. रंग बदलला नव्हता. टाकीत पाणी नव्हतं.

इथे प्रकरण मिटलं असतं. बाई निर्दोष ठरल्या होत्या. पण त्याच म्हणाल्या, गाड्या बंद पडल्या त्या तर खऱ्याच आहेत ना, साहेब.

मी पंचांसमोर व्हॅनच्या टाकीतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढायला लावलं. त्यात दोन थर होते. खालचा निळसर होता, आणि बाटली हलवली तर त्यावर फेस आला. पेट्रोलला असा फेस येत नाही. पाणी गाडीच्या टाकीत नंतर गेलं होतं, आणि त्या पाण्यानं अल्कोहोल तळाशी ओढून नेलं होतं. इंजिनला मिळत होतं ते हेच. नमुने सील केले, पंचनामा केला.

तेवढ्यात माझं लक्ष चालकाकडे गेलं. सर्वांत मोठ्यानं बोलणारा माणूस फेस पाहून एकदम मागे सरकला होता. टाकीत काही टाकलं होतं का, असं मी प्रत्येकाला विचारलं. सगळ्यांनी नाही सांगितलं. त्यानंही. आणि व्हॅन तिथेच सोडून तो पायी निघून गेला. मी त्याला अडवलं नाही. अशा माणसाला घाई केली की तो खोट्यालाच घट्ट धरून बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ठाण्यात आला. हातात कापडी पिशवी, तिच्यात निळ्या पाण्याची अर्धी बाटली. मी बसायला सांगितलं तरी उभाच राहिला. यातलंच अर्धं व्हॅनच्या टाकीत ओतलं होतं, म्हणाला; बाटली त्याच्या साडूनं दिली होती. साडूचं बोरगावकडे गॅरेज होतं. नव्या पेट्रोलनं इंजिन सडते, हे औषध टाकलं की आतून साफ राहते, असं सांगून तो बाटल्या विकायचा. जामसांवलीला दर्शनाला येणाऱ्या गाड्यांनाही विकायचा. पंपावर सांगू नका, ते चिडतात, हेही बजावायचा. बंद पडलेल्या गाड्या दुरुस्तीला त्याच्याकडेच जात होत्या.

हे नुसतं लिहून दिलं तरी चालेल, असं मी म्हणालो. साडूचं नातं मोडलं की ते घरात किती दिवस दुखतं, मला माहीत होतं.

तो म्हणाला, "साहेब, मी त्या बाईले चारचौघांत चोर म्हटलं. आता मांगून सांगून काय उपयोग? चारचौघांतच सांगतो."

साडूला चौकशीला बोलावलं. माणूस तोंडाचा गोड. औषध कंपनीचं आहे, माल बाहेरून येतो, लोक उगाच बदनाम करून राहिले, असं तो बराच वेळ सांगत राहिला. मी ऐकून घेतलं. बाहेर त्याचीच मोटारसायकल उभी होती. मी त्याची बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "एवढं चांगलं औषध आहे, तर तुमच्या गाडीत टाका आणि घरी जा. मी अडवणार नाही."

त्यानं बाटली हातात घेतली, झाकण फिरवलं आणि पुन्हा बसवलं. मग खाली मान घालून म्हणाला, "गाडी राहू द्या, साहेब."

त्यानंतर सगळं बाहेर आलं. इंजिन स्वच्छ राहावं म्हणून पेट्रोलमध्ये डिटर्जंट घालतात, हे त्यानं कुठेतरी ऐकलं होतं. ते खरं आहे. पण ते वेगळं रसायन असतं, ठरलेल्या प्रमाणात घालतात आणि ते पेट्रोलमध्ये विरघळतं. यानं कपडे धुवायची पावडर पाण्यात कालवली, थोडं थिनर आणि निळा रंग घातला. गॅरेजच्या मागच्या खोलीत भरलेल्या बाटल्या सापडल्या. प्रयोगशाळेच्या अहवालातही तेच आलं. फसवणुकीचा गुन्हा नोंदला.

चालकानं शब्द पाळला. पंपावर गर्दीच्या वेळी तो गेला. मीही काच फुटल्याचा जबाब घ्यायला तिथेच होतो. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की बाटली मीच टाकली होती, पंपाचा दोष नव्हता, आणि बाईंना चोर म्हटलं ते चुकलं. काही जण हसले. एकानं साडूवरून टोमणा मारला. त्यानं तोही ऐकून घेतला.

बाईंनी पेट्रोल भरणं थांबवलं नव्हतं. हातातली गाडी पुरी केली, नळी जागेवर लावली आणि विचारलं, "लेक कशी आहे? दूध उतरलं का तिला?"

त्यानं नुसती मान हलवली. काच कुणी फोडली ते बाईंनी पाहिलं होतं. तरी त्यांनी तक्रार द्यायचं नाकारलं. त्या वेळी दगड मारणाराही घाबरलेला होता, एवढंच म्हणाल्या.

खटल्यात त्याची साक्ष महत्त्वाची ठरली. बायकोच्या माहेरी वर्षभर त्याला कुणी बोलावलं नाही. त्यानं कोर्टाची एकही तारीख चुकवली नाही, आणि साडूला शिक्षा झाली.

माझ्या नोकरीत कबुल्या खूप आल्या. बहुतेक कोंडीत सापडल्यावर आल्या. इथे एक माणूस कुणी न बोलावता आला आणि ज्या लोकांसमोर खोटं बोलला होता, त्यांच्याचसमोर खरं बोलला. आणि एक बाई स्वतः सुटल्यावरही दुसऱ्यांच्या बंद गाड्यांसाठी थांबली. तपास माझ्या नावावर लागला, वरून शाबासकीही आली. ती घेताना मला सारखं वाटत होतं, की या सगळ्यात मी केलं ते इतकंच, की या दोघांच्या आड आलो नाही.